विश्लेषण: पक्षातले भांडण मतदाराच्या दारात का येते? वाशिम आणि ब्रिटनमध्ये नेमके काय घडले?

२९ जून २०२२ च्या रात्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुक लाइव्हवरून मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. त्यानंतर आठ दिवसांनी, ७ जुलैला, लंडनमध्ये १०, डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभे राहून बोरिस जॉन्सन यांनीही आपण पायउतार होत असल्याचे सांगितले. दोघांनाही विरोधकांनी पाडले नव्हते. पाडणारे त्यांच्याच पक्षाचे लोक होते, आणि दोन्हीकडच्या मतदारांना याची खबर टीव्हीवरूनच लागली.

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, दोन्हीकडे मतदान झाले. ब्रिटनमध्ये सत्ताधारी काँझर्व्हेटिव्ह पक्ष ३६५ जागांवरून १२१ वर आला. इकडे यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात २५ वर्षे टिकलेला शिवसेनेचा एक गड ‘अधिकृत’ धनुष्यबाणाच्या हातून गेला. वाशिम जिल्ह्याचा ब्रिटनशी उरलेला धागा म्हणजे बहुधा कारंज्यावरून जाणारी, ब्रिटिश कंपनीची शकुंतला रेल्वे, आणि तीही आता बंद आहे. तरीही या दोन ठिकाणच्या गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की एक प्रश्न सुटायला मदत होते: पक्षातले भांडण पक्षातच का मिटत नाही? ते मतदाराच्या दारात का येते?

पाच वेळा खासदार, तरी उमेदवारी का नाही?

भावना गवळी १९९९ मध्ये वाशिममधून पहिल्यांदा लोकसभेवर गेल्या. त्याआधी १९९६ मध्ये त्यांचे वडील पुंडलिकराव गवळी याच जागेवरून शिवसेनेचे खासदार झाले होते. मतदारसंघ पुनर्रचनेत ‘वाशिम’चे ‘यवतमाळ-वाशिम’ झाले, तरी गवळींचा विजय थांबला नाही. १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ अशा सलग पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. शेवटच्या वेळी काँग्रेसचे माणिकराव ठाकरे यांना त्यांनी लाखाहून अधिक मतांनी हरवले.

शिवसेना फुटली तेव्हा गवळी एकनाथ शिंदे यांच्या बाजूने गेल्या. ठाकरे गटाने त्यांना लोकसभेतील मुख्य प्रतोदपदावरून काढून राजन विचारे यांना नेमले. पुढे १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. हा निर्णय कशावर आधारला होता, हे इथे नीट पाहायला हवे. पक्षाच्या घटनेची कसोटी आयोगाने बाजूला ठेवली. कारण २०१८ ची सुधारित घटना आयोगाच्या नोंदीत नव्हती आणि तिच्यातील तरतुदी लोकशाहीला धरून नाहीत, असे आयोगाचे म्हणणे होते. संघटनेत बहुमत कोणाचे, तेही स्पष्ट झाले नाही. उरले ते निवडून आलेले लोक. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंदेंकडे होते. त्या १३ खासदारांत एक नाव भावना गवळी यांचे होते.

म्हणजे वाशिम-यवतमाळच्या मतदारांनी गवळींना दिलेली मते शिंदे गटाला धनुष्यबाण मिळवून देण्याच्या हिशेबात धरली गेली. आणि वर्षभरानंतर तोच धनुष्यबाण गवळींना मिळाला नाही.

उमेदवारीचा घोळ मार्चभर चालला. मित्रपक्ष भाजपचा त्यांच्या नावाला विरोध आहे, सर्वेक्षणाचे आकडे बरे नाहीत, अशा बातम्या रोज येत होत्या. गवळी आपली ‘झाशी’ सोडणार नाही म्हणत होत्या. त्यांच्याच पक्षातले दिग्रसचे आमदार आणि मंत्री संजय राठोड यांच्याशी त्यांचे जमत नाही, हे मतदारसंघात शेंबड्या पोरालाही माहीत होते, आणि राठोडांचेही नाव उमेदवार म्हणून चर्चेत होते. शेवटी ३ एप्रिलला, अर्ज भरायला एक दिवस उरला असताना, तिसरेच नाव आले: राजश्री पाटील. त्या शेजारच्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी. हेमंत पाटील यांना हिंगोलीतून उमेदवारी जाहीर होऊन आठवडाही झाला नव्हता. ती काढून बाबूराव कदम कोहळीकर यांना दिली गेली, आणि पाटलांच्या घरातली उमेदवारी यवतमाळ-वाशिममध्ये आली. मतदान २६ एप्रिलला. नव्या उमेदवाराला जेमतेम तीन आठवडे मिळाले.

निकाल सर्वांना माहीत आहे. ठाकरे गटाचे संजय देशमुख ९४ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. देशमुख हे दिग्रसमधून दोनदा अपक्ष आमदार झालेले, राज्यमंत्री राहिलेले, आणि २०२२ मध्ये, पक्ष फुटल्यानंतर, ठाकरेंकडे आलेले. हिंगोलीही ठाकरे गटाकडेच गेली. एका घरातली नाराजी काढायला दोन मतदारसंघांची फेरमांडणी केली आणि दोन्ही हातचे गेले.

हरलेल्यांचे पुढे काय झाले?

पक्षांतर्गत राजकारण सामान्य माणसाला सगळ्यात जास्त खुपते ते याच टप्प्यावर.

१२ जुलै २०२४ रोजी विधान परिषदेच्या ११ जागांसाठी निवडणूक झाली. या निवडणुकीत मतदार असतात आमदार. शिंदे गटाचे दोन उमेदवार होते: भावना गवळी आणि रामटेकचे माजी खासदार कृपाल तुमाने. दोघेही विद्यमान खासदार असताना लोकसभेची उमेदवारी नाकारले गेलेले. दोघांच्याही जागा पक्षाने गमावलेल्या. दोघेही परिषदेवर निवडून आले. ऑक्टोबरमध्ये राज्यपालनियुक्त सात आमदारांची नावे आली, त्यात हेमंत पाटील होते. त्याच यादीत पोहरादेवीचे बाबूसिंग महाराज राठोड हेही भाजपच्या कोट्यातून आले.

या प्रकाराला राजकीय पत्रकारितेत ‘पुनर्वसन’ असा शब्द आहे. धरणग्रस्तांसाठीचा शब्द नेत्यांसाठी वापरताना आता कोणाला काही वाटेनासे झाले आहे. धरणग्रस्तांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रखडते, हे तीन महिन्यांत उरकले.

रिसोडमध्ये तिघांच्या भांडणात काय झाले?

नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आली आणि परिषदेचे आमदार असतानाच गवळी यांना महायुतीने रिसोडमधून उमेदवारी दिली. आधी थोडा भूगोल. वाशिम जिल्ह्यात वाशिम, कारंजा आणि रिसोड असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. वाशिम आणि कारंजा यवतमाळ-वाशिम लोकसभेत येतात, रिसोड मात्र अकोला लोकसभेत. त्यामुळे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा छोटासा जिल्हा दोन खासदारांत वाटला गेला आहे.

रिसोडचे भांडण मुळात काँग्रेसमधले. एकीकडे झनक घराणे: माजी मंत्री सुभाष झनक यांच्या निधनानंतर २०१३ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र अमित झनक निवडून आले आणि २०१४ व २०१९ मध्येही टिकले. दुसरीकडे अनंतराव देशमुख, १९८९ आणि १९९१ मध्ये वाशिमचे काँग्रेस खासदार. २०१९ मध्ये देशमुख अपक्ष उभे राहिले आणि झनक यांच्याकडून थोडक्यात हरले. २०२३ मध्ये ते भाजपमध्ये गेले. त्यामागचा हिशेब उघड होता: पुढच्या वेळी रिसोडची उमेदवारी.

पण जागावाटपात रिसोड शिंदे गटाकडे गेले आणि उमेदवारी गवळींना मिळाली. देशमुख पुन्हा अपक्ष. काँग्रेसचे झनक सुमारे ७६ हजार मते घेऊन जिंकले. देशमुखांना ७० हजारांच्या वर आणि गवळींना ६० हजारांच्या वर मते पडली. महायुतीत एकच उमेदवार असता तर या दोघांची सगळी मते त्यालाच मिळाली असती, असे छातीठोक म्हणता येत नाही. देशमुखांना मानणाऱ्यांत जुने काँग्रेसवालेही आहेत. पण राज्यभर महायुतीची लाट असताना रिसोडला ती का पोहोचली नाही, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पाच वेळा खासदार राहिलेल्या नेत्या घरच्या तालुक्यात तिसऱ्या क्रमांकावर गेल्या.

कारंजा आणि वाशिमचे काय?

कारंज्याची गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो दोनदा विचारेल. भाजपचे आमदार राजेंद्र पाटणी यांचे फेब्रुवारी २०२४ मध्ये निधन झाले. त्यांच्याविरुद्ध लढत आलेले राष्ट्रवादीचे माजी आमदार प्रकाश डहाके २०२१ मध्येच गेले होते. विधानसभेला भाजपने उमेदवारी दिली ती डहाके यांच्या पत्नी सई डहाके यांना. आणि पाटणींचे पुत्र ज्ञायक पाटणी उभे राहिले शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून. घरे तीच राहिली, फक्त पाट्यांची अदलाबदल झाली. सई डहाके जिंकल्या. ज्या कार्यकर्त्याने १० वर्षे पाटणींसाठी भाजपचा झेंडा धरला, त्याने त्या महिन्यात नेमके काय करायचे होते, हे त्याला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

वाशिममध्ये भाजपने २००९ पासून सलग तीनदा निवडून आलेले लखन मलिक यांना बाजूला करून श्याम खोडे यांना उभे केले. मलिक यांना माध्यमांसमोर अश्रू आवरले नाहीत. खोडे निवडून आले. इथे पक्षाचे गणित जमले.

ब्रिटनमध्ये असे भांडण कुठे मिटते?

ब्रिटनमध्ये आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. खासदार पक्ष सोडून समोरच्या बाकावर जाऊन बसला तरी त्याचे पद जात नाही. तरीही जॉन्सन यांच्याविरुद्ध बंड करणाऱ्यांनी पक्ष फोडला नाही, सुरत-गुवाहाटीसारखी सहल काढली नाही. कारण भांडणासाठी पक्षातच एक ठरलेली वाट होती. त्यावेळच्या नियमानुसार काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी पत्र दिले की नेत्यावर गुप्त मतदान होत असे. ६ जून २०२२ च्या अशा मतदानात जॉन्सन २११ विरुद्ध १४८ मतांनी वाचले. महिनाभरात ५० हून अधिक मंत्री आणि सहायकांनी राजीनामे दिले तेव्हा मात्र ते गेले. मग नवा नेता निवडायला आधी खासदारांच्या फेऱ्या, आणि शेवटच्या दोघांत सदस्यांचे मतदान. लिझ ट्रस यांना ८१,३२६ आणि ऋषी सुनक यांना ६०,३९९ मते मिळाली.

कुकरला शिटी असते म्हणून तो फुटत नाही. आपल्याकडच्या पक्षांनी शिटीच काढून टाकली आहे, असे अभियंता म्हणून मला वाटते.

पण शिटी असली म्हणजे आतले शिजते असेही नाही. सुमारे १ लाख ४० हजार सदस्यांनी पावणेसात कोटी लोकांचा पंतप्रधान ठरवला. ट्रस यांच्या सरकारने २३ सप्टेंबर २०२२ ला करकपातीचा असा कार्यक्रम मांडला की बाजार कोसळला, घरकर्जाचे व्याज भडकले, आणि २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. पाच दिवसांनी सुनक पंतप्रधान झाले, तेही सदस्यांच्या मतदानाशिवाय. आठ वर्षांत कॅमेरन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक असे पाच पंतप्रधान एकाच पक्षाने दिले. ज्याचा हप्ता वाढला त्या माणसाच्या दृष्टीने भांडण नियमाने झाले की बेनियम, हा प्रश्न गौण होता. ४ जुलै २०२४ ला तो पक्ष तर बुडालाच, ट्रस यांची स्वतःची जागाही गेली.

जिंकलेल्या लेबर पक्षाचेही फार वेगळे नव्हते. लंडनच्या चिंगफर्ड आणि वुडफर्ड ग्रीन मतदारसंघात फैजा शाहीन यांनी आधीच्या निवडणुकीत कडवी लढत दिली होती आणि त्या पुन्हा उमेदवार होत्या. निवडणूक जाहीर झाल्यावर आठवड्याभरात पक्षाने त्यांना जुन्या समाजमाध्यमी हालचालींवरून वगळले आणि शमा टॅटलर यांना पाठवले. शाहीन अपक्ष उभ्या राहिल्या. दोघींना प्रत्येकी सुमारे साडेबारा हजार मते पडली आणि १७ हजारांच्या आसपास मते घेऊन काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे इयन डंकन स्मिथ जिंकले. रिसोडच्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की उमेदवार निवडायचा हक्क तिथे कागदावर तरी मतदारसंघातल्या सदस्यांचा आहे, आणि तो काढून घेतला की बातमी होते. इथे असा हक्क असू शकतो हेच आपण विसरलो आहोत.

आपला कायदा काय सांगतो?

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तिच्यात एक तृतीयांश सदस्य फुटले तर ‘फूट’ मानून सूट होती. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती काढली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी ठेवली. त्यामुळे फुटीर गट आता ‘आम्ही फुटलो’ असे म्हणतच नाहीत. ‘आम्हीच मूळ पक्ष’ असा दावा करतात. मग निकाल आयोग आणि अध्यक्षांकडे जातो. शिवसेनेत अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली आणि कोणत्याही गटाच्या आमदाराला अपात्र केले नाही.

हा सगळा कायदा सभागृहात निवडून आलेल्यांसाठी आहे. उमेदवारी कोणी, कशी द्यायची, याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. पक्षाची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली होते, आणि अंतर्गत निवडणुका घेतल्याचे पक्ष आयोगाला कळवतात. पण जिल्हाध्यक्ष निवडून आला की मुंबईहून नेमला गेला, हे तपासणारी यंत्रणा नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करा असे सुचवले होते. तो झालेला नाही. जे पक्ष एकमेकांच्या घराणेशाहीवर रोज बोलतात, त्यांचे या एका मुद्द्यावर एकमत आहे.

लोक वैतागले आहेत, तर मग मतदान कमी का झाले नाही?

ब्रिटनमध्ये वैताग आकड्यात दिसला. २०२४ मध्ये तिथे जेमतेम ६० टक्के मतदान झाले, २००१ नंतरचे सर्वात कमी. लेबरला ३४ टक्क्यांहून कमी मते मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा. महाराष्ट्रात त्याच वर्षी विधानसभेला सुमारे ६६ टक्के मतदान झाले, १९९५ नंतरचे सर्वाधिक. यवतमाळ-वाशिमनेही लोकसभेला ६० टक्क्यांच्या वर मतदान केले.

यावरून इथला मतदार समाधानी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एप्रिल ते नोव्हेंबर या सात महिन्यांत याच जिल्ह्याने लोकसभेला ठाकरे गटाचा खासदार दिला, विधानसभेला दोन जागा भाजपला आणि एक काँग्रेसला दिली, आणि एका अपक्षाच्या पदरात ७० हजार मते टाकली. घरी बसून निषेध करणे इथे परवडत नाही. पीक विमा, घरकुल, रस्ता, अनुदान, सगळ्याला कोणाचा तरी शब्द लागतो. मत देणे आणि विश्वास ठेवणे या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोयाबीनचे घ्या. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी पोहरादेवीला आले, पीएम किसानचा १८ वा हप्ता वाशिममधून सोडला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्याही खाली होते. प्रचारात महायुतीने ६ हजारांचा आणि आघाडीने ७ हजारांचा आकडा दिला. नेमक्या त्या पंधरवड्यांत जिल्ह्यातल्या पक्ष कार्यालयांत चर्चा होती ती कोण नाराज आणि कोणाची समजूत काढायला कोण येणार याची. रिसोडच्या तिरंगी लढतीत सोयाबीनच्या भावावरून कोणाला मत द्यायचे, हे ठरवणे खरोखर अवघड होते, कारण तिघांपैकी कोणाचेच भांडण त्यावरून नव्हते.

निवडणुकीनंतरचा एक प्रसंग जिल्ह्यात अजून बोलला जातो. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आहेत, त्यात वाशिम आहे. म्हणजे पालकमंत्र्याने जास्त लक्ष द्यावे असा जिल्हा. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्री म्हणून नाव आले कोल्हापूर जिल्ह्यातील कागलचे हसन मुश्रीफ यांचे. कागल कुठे, वाशिम कुठे. काही आठवड्यांतच मुश्रीफ यांनी अंतराचे कारण देत ही जबाबदारी सोडली आणि ती इंदापूरचे दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेली. दोघेही अजित पवार गटाचे, आणि जिल्ह्यातल्या तीनपैकी एकाही जागेवर तो पक्ष निवडून आलेला नाही. पालकमंत्रिपदे तीन पक्षांत वाटायची होती, त्या वाटपात वाशिम कोणाच्या तरी वाट्याला यायचेच होते.

पुढे काय?

गवळी यांची विधान परिषदेची मुदत जुलै २०३० पर्यंत आहे. पुढची लोकसभा निवडणूक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. तेव्हा यवतमाळ-वाशिमचा उमेदवार ठरवताना स्थानिक सदस्यांचे मत घेण्याची कायदेशीर सक्ती कोणत्याही पक्षावर नसेल, निदान आजच्या घडीला तसे विधेयक संसदेपुढे नाही. दरम्यान जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना झाली, महिला आरक्षणाच्या १०६ व्या घटनादुरुस्तीची अंमलबजावणी सुरू झाली, तर ‘यवतमाळ-वाशिम’ या नावाचा मतदारसंघ आजच्या सीमांसह राहीलच असे नाही. रिसोड तेव्हा अकोल्यात असेल की वाशिमबरोबर, हेही तेव्हाच कळेल.